टू-वे स्विच बदलताना तिसरी तार कुठे जाते?

प्रश्न असा आहे. बेडरूमचा दिवा दोन बटणांवर चालतो, एक दाराजवळ आणि एक पलंगाच्या उशाशी. दाराजवळचं जुनं पियानो बटण चरचरायला लागलं म्हणून तो बोर्ड मॉड्युलर केला. जुन्या बटणाला एका ओळीत तीन स्क्रू होते. नव्याला एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन टर्मिनलं आहेत. जुन्या क्रमानेच तारा लावल्या. आता उशाचं बटण एका बाजूला असेल तरच दाराच्या बटणाने दिवा लागतो. ते दुसऱ्या बाजूला केलं की दारापाशी कितीही वर-खाली करा, उजेड पडत नाही. नवा स्विच खराब निघाला का?

स्विच चांगला आहे. कॉमनच्या टर्मिनलवर जी तार हवी ती तिथे नाही, एवढाच दोष आहे. पण तारांची अदलाबदल करून बघण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. काही जुन्या घरांत ही अदलाबदल थेट शॉर्टसर्किट घडवते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय हात लावू नका.

आधी स्विचच्या आत काय होतं ते पाहू. साधा वन-वे स्विच दोन टर्मिनलं जोडतो किंवा तोडतो. टू-वे स्विच कधीच 'बंद' नसतो. त्याचं कॉमन टर्मिनल एका स्थितीत १ नंबरला जोडलेलं असतं, दुसऱ्या स्थितीत २ नंबरला. दोन बटणांच्या दिव्यात एका स्विचच्या कॉमनवर फेज येतो, दुसऱ्या स्विचच्या कॉमनवरून दिव्याकडे जाणारी तार निघते (आपल्याकडे वायरमन तिला 'हाफ' म्हणतात), आणि दोन्ही स्विचांची १ आणि २ नंबरची टर्मिनलं मधल्या दोन तारांनी एकमेकांना जोडलेली असतात. दोन्ही स्विच एकाच मधल्या तारेवर असले की दिवा लागतो, वेगवेगळ्या तारांवर असले की विझतो.

आता तुमच्याकडे मधल्या दोघींपैकी एक तार कॉमनवर गेली आणि कॉमनची तार १ किंवा २ वर गेली. अशा जोडणीत एका मधल्या तारेतूनच दिव्यापर्यंत वीज जाऊ शकते, दुसरीतून ती पोचत नाही. म्हणून उशाचं बटण त्या पहिल्या तारेवर असेल तेव्हाच दिवा लागतो. दाराचा स्विच फेजच्या बाजूचा असो वा दिव्याच्या बाजूचा, लक्षण तेच दिसतं.

क्रम पाळूनही चूक झाली, कारण पियानो टू-वेमध्ये बहुतेक वेळा मधला स्क्रू कॉमन असतो. मॉड्युलरमध्ये एकट्या बाजूला असलेलं टर्मिनल बहुधा कॉमन असतं, पण प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. मागच्या बाजूला कुठे 'सी', कुठे 'कॉम', कुठे 'एल' कोरलेलं असतं. खुणेपेक्षा मल्टिमीटरवर भरवसा ठेवा. स्विच हातात सुटा असताना कंटिन्युइटीवर लावा, बटण एका स्थितीत ठेवून कोणती दोन टर्मिनलं बीप देतात ते पाहा, मग बटण पलटवून परत पाहा. दोन्ही जोड्यांत जे टर्मिनल आलं ते कॉमन. जुना स्विचही फेकू नका, त्यालाही हीच चाचणी लावा. जुन्याच्या कॉमनवर कोणती तार होती हे आठवत असेल किंवा फोटो असेल, तर उत्तर तिथेच मिळालं. तारा सोडण्यापूर्वी फोटो काढावा आणि कॉमनच्या तारेवर टेपचा तुकडा गुंडाळावा. फक्त फोटोवर विसंबू नका, कारण पाईपमधून येणाऱ्या तिन्ही तारा एकाच लाल रंगाच्या असणं आपल्याकडे सर्रास आढळतं.

काम सुरू करताना मेन बंद करा. बोर्डाचा एमसीबी पाडून थांबू नका. एकाच बोर्डात दोन वेगवेगळ्या एमसीबींचे फेज आलेले असू शकतात, विशेषतः नंतर एसी किंवा गीझरसाठी लाईन वाढवलेल्या घरांत. आणि इन्व्हर्टर असेल तर मेन पाडताच तो सुरू होतो आणि नेमक्या दिव्या-पंख्याच्या लाईनीत २३० व्होल्ट सोडतो. घरातल्या कामांत शॉक बसण्याचं हे फार मोठं कारण आहे. इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करा, त्याची आउटपुट लाईन ज्या एमसीबीवर आहे तोही पाडा. मग टेस्टर आधी नक्की चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो पेटतो याची खात्री करून घेतलेली असावी, आणि बोर्डातल्या प्रत्येक टर्मिनलवर लावून पाहावा. न्यूट्रलच्या तारेवरसुद्धा. आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अर्थकडे जाणारी गळती ओळखतो. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आलं तर त्याच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे एक साधा बल्ब.

आता ती तपासणी. तार वाचवण्यासाठी पूर्वी जिन्याचे आणि बेडरूमचे काही दिवे वेगळ्या पद्धतीने जोडले जात. दोन्ही स्विचांच्या १ नंबरवर फेज, २ नंबरवर न्यूट्रल, आणि दोन्ही कॉमनमधून एकेक तार दिव्याच्या दोन टोकांना. दिव्याला एका बाजूने फेज आणि दुसऱ्या बाजूने न्यूट्रल मिळालं की तो लागतो, दोन्हीकडून सारखंच मिळालं की विझतो. वरवर छान चालतं. पण दिवा विझलेला असताना होल्डरच्या दोन्ही पिनांवर फेज असू शकतो, आणि बल्ब बदलणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. तुमच्या कामाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं म्हणजे अशा स्विचमध्ये फेजची तार कॉमनवर गेली आणि न्यूट्रल १ किंवा २ वर राहिलं, तर बटण एका बाजूला दाबताच फेज आणि न्यूट्रल थेट एकत्र येतात. एमसीबी पडेल, संपर्क वितळतील, आणि फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असेल तर पाईपमधली वायर जळेल.

ओळखायचं असं. मेन बंद ठेवून दिव्याचा बल्ब होल्डरमधून काढा. पॅनल किंवा ट्यूब कायमची बसवलेली असेल तर तिचा जोड सोडवा. बदलायच्या स्विचच्या तिन्ही तारा सुट्या करा, एकमेकींपासून बोटभर लांब, टोकं हवेत राहतील अशा वाकवा. फेजच्या टर्मिनलवर दोन तारा एकत्र असतील तर त्या एकत्रच राहू द्या, त्यातली एक पुढच्या बटणांना जाते. उशाचा स्विच जसा आहे तसा राहू द्या. दोन्हीकडची बटणं एकाच वेळी उघडली की मग कोण कुठली हे शोधण्यात दिवस जातो. आता वीज सुरू करा आणि टेस्ट लॅम्प, म्हणजे २५ किंवा ४० वॉटचा साधा बल्ब आणि त्याला दोन नीट झाकलेल्या तारा, तिन्हींपैकी दोन-दोन तारांमध्ये धरून पाहा. उशाचं बटण एकदा पलटवून परत पाहा. कोणत्याही जोडीत तो पूर्ण पेटला तर त्या तारांत न्यूट्रल आहे. इथे थांबा आणि काम वायरमनकडे द्या. दोन बोर्डांमधल्या त्या तारा दुसऱ्या कशाला जात नसतील तर नवी तार न ओढताही जोडणी सुधारता येते, पण दोन्ही बोर्ड आणि दिवा तिन्ही उघडून ती करावी लागते.

एकाही जोडीत पेटला नाही तर जोडणी बरोबर पद्धतीची आहे. आता टेस्ट लॅम्पचं एक टोक त्याच बोर्डातल्या सॉकेटच्या न्यूट्रलवर धरा आणि दुसरं तिन्ही तारांना एकेक करून लावा. दर वेळी उशाचं बटण वर-खाली करा. एखादी तार उशाचं बटण कसंही असलं तरी पेटवते आणि बाकीच्या दोन कधीच पेटवत नाहीत, असं असेल तर तुमच्या हातात फेजच्या बाजूचा स्विच आहे आणि ती कायम जिवंत तार कॉमनवर जाते. दोन तारा आळीपाळीने पेटवतात आणि तिसरी कधीच नाही, असं असेल तर हा दिव्याच्या बाजूचा स्विच आहे, आणि ती कधीच न पेटवणारी तिसरी तार म्हणजे हाफ, ती कॉमनवर. मधल्या दोन तारांचा आपसातला क्रम कसाही चालतो. उलटा लागला तर फक्त बटणाची वर-खाली स्थिती बदलते.

हे काम नुसत्या टेस्टरवर करू नका. एकाच पाईपमधून गेलेल्या, दोन्ही टोकांनी सुट्या असलेल्या तारेवर शेजारच्या जिवंत तारेमुळे दाब चढतो, टेस्टर मंद पेटतो आणि माणूस फसतो. मल्टिमीटरही अशा तारेवर ५०-१०० व्होल्ट दाखवू शकतो. टेस्ट लॅम्पला खरा प्रवाह लागतो, म्हणून तो अशा खोट्या दाबाला भुलत नाही.

साध्या, एकाच जागेवरून चालणाऱ्या दिव्यासाठी हाच गोंधळ वेगळ्या रूपात येतो. जुन्या बटणाला दोन स्क्रू, दुकानातून आणलेल्या नव्याला तीन. म्हणजे दुकानदाराने टू-वे दिला आहे. तो चालतो. फेज कॉमनवर, हाफ १ किंवा २ पैकी एकावर, उरलेलं टर्मिनल रिकामं, आणि त्याचा स्क्रू आवळून ठेवा म्हणजे तो सैल होऊन पडणार नाही. आपल्याकडे बटण खाली म्हणजे चालू. उलटं झालं तर हाफ उरलेल्या टर्मिनलवर न्या. याच्या उलट, टू-वेच्या जागी वन-वे बसत नाही. तीन जागांवरून चालणाऱ्या दिव्याचा मधला स्विच तर चार टर्मिनलांचा, इंटरमीडिएट असतो. त्याच्या जागी तसाच हवा.

दुसरं हमखास दिसणारं चित्र म्हणजे दोन स्क्रू आणि तीन तारा. जुन्या हायलमच्या (कडक लॅमिनेट शीटच्या) बोर्डावर फेजची एकच तार सगळ्या बटणांच्या एका बाजूने माळेसारखी फिरवलेली असते. एक बटण काढलं की माळ तुटते आणि पुढची सगळी बटणं बंद पडतात. मग 'स्विच बदलला आणि पंखाही गेला' अशी तक्रार येते. मॉड्युलरमध्ये लाल १.५ चौरस मिमी तारेचे छोटे लूप कापून घ्या आणि प्रत्येक टर्मिनलात येणारा आणि जाणारा असे दोनच टोक ठेवा. तीन टोकं एका टर्मिनलात कोंबली की त्यातलं एक नेहमी सैल राहतं. ६ अँपिअरच्या बटणाचा लूप १६ अँपिअरच्या सॉकेटला देऊ नका. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. त्याला स्वतंत्र लाईन हवी, किमान २.५ चौरस मिमीची, आणि लांब अंतर असेल तर ४ ची.

टर्मिनलमध्ये तार कशी बसते यावर स्विचचं आयुष्य ठरतं. आवरण ८ ते १० मिमी सोला. कमी सोललं तर स्क्रू आवरणावर बसतो, दिवा काही दिवस लागतो आणि मग लुकलुकायला लागतो. जास्त सोललं तर उघडं तांबं बाहेर राहतं. बहुतारी फ्लेक्सिबल वायर पिळून दुहेरी करा, मग आत घाला. एकही केस बाहेर राहता कामा नये. टोकाला सोल्डर लावू नका. दाबाखाली शिसं-कथिल हळूहळू सरकतं, स्क्रू सैल होतो, तापतो. आवळून झाल्यावर तार ओढून पाहा आणि पाच मिनिटांनी स्क्रू पुन्हा एकदा आवळा, तो बहुधा थोडा फिरतो. बटण चरचरणं, प्लेटवर तपकिरी डाग आणि जळक्या माशासारखा वास या तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा सैल स्क्रूत असतं. जुन्या तारेचं टोक काळं पडलेलं असेल तर तेवढं कापून नवं सोला, काळ्या तांब्यावर नवा स्विच लावला तर तोही लवकरच जळतो.

तार तांब्याची आहे की अॅल्युमिनियमची, हे आधी बघा. जुन्या चाळी आणि इमारतींत एकसरी अॅल्युमिनियमची वायर अजून आहे. ती रुपेरी दिसते, मऊ असते आणि दोनदा वाकवली की तुटते. तांब्याच्या तारेला कल्हई केलेली असली तरी ती बाहेरून रुपेरी दिसते, म्हणून टोक खरवडून पाहा. अॅल्युमिनियम असेल तर सोलताना कात्रीचा चरा पडू देऊ नका, एकदाच वाकवा, आणि तांब्याच्या तारेला पीळ घालून जोडू नका. तो जोड गंजतो आणि तापतो. जोड हवाच असेल तर योग्य कनेक्टर वापरा आणि वर्षातून एकदा स्क्रू आवळा. कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळच्या घरांत पितळी टर्मिनलांवर हिरवा कळक चढतो. तिथे तांब्याच्या तारेचंही टोक दर वेळी नवं सोलावं.

बोर्डाचं माप हा वेगळा विषय आहे. पियानो बटणाच्या कापात मॉड्युलर बटण बसत नाही. एकच बटण गेलं असेल तर त्याच मापाचं पियानो बटण मिळतं, तेच आणा. पूर्ण बोर्ड बदलायचा असेल तर मॉड्युलं मोजा. एक बटण एक मॉड्युल, ६ अँपिअरचा सॉकेट बहुधा दोन, पंख्याचा रेग्युलेटर एक किंवा दोन. मोजून जवळचा मोठा बॉक्स घ्या आणि उरलेल्या जागी ब्लँक घाला. लाकडी किंवा हायलमचा बोर्ड काढून लोखंडी बॉक्स बसवला की एक नवी जबाबदारी येते: त्या बॉक्सला हिरवी अर्थिंगची तार लागलीच पाहिजे. जुन्या दिव्यांच्या बोर्डात अर्थिंग आलेलंच नसतं. बॉक्सला अर्थ नसेल आणि आत एखादी तार घासली, तर प्लेटच्या स्क्रूवर फेज येतो. पावसाळ्यात भिंत ओली असताना बटण दाबलं की झिणझिण्या येतात, त्यामागे अनेकदा हेच असतं. अर्थ आणता येत नसेल तर प्लॅस्टिकचा बॉक्स वापरा, आणि अर्थिंगच्या जागी न्यूट्रल कधीही जोडू नका.

इंडिकेटर असलेला स्विच एलईडी दिव्यासाठी घेताना जपून घ्या. ज्याचा छोटा दिवा संपर्काच्या दोन टोकांमध्ये असतो, तो बटण बंद असताना मुख्य दिव्यातून किंचित प्रवाह सोडतो. पूर्वीच्या बल्बला ते जाणवत नसे. एलईडी मात्र अंधारात मंद पेटतो किंवा मिनिटा-मिनिटाला लुकलुकतो. साधं बटण असूनही असं होत असेल तर स्विच न्यूट्रलमध्ये बसलेला असण्याची शक्यता आहे. बटण बंद करून, बल्ब काढून होल्डरच्या पिना टेस्टरने पाहा. बंद स्थितीत फेज मिळाला तर दोष बटणाचा नाही, बोर्डात किंवा मेनपाशी फेज-न्यूट्रल उलटे लागले आहेत.

अमेरिकेतल्या घरात हेच काम करणाऱ्यांसाठी थोडं. तिथे आपल्या टू-वेला 'थ्री-वे' म्हणतात. त्याचं कॉमन म्हणजे गडद रंगाचा वेगळा स्क्रू, आणि हिरवा स्क्रू अर्थिंगचा, त्यामुळे चार स्क्रू दिसतात. स्विचपर्यंत आलेली पांढरी तार न्यूट्रलच असेल असं धरू नका, जुन्या जोडणीत ती फेज वाहत असू शकते. भारतातून स्विच नेऊन तिथे बसवू नका.

आणि स्वतः काय करावं? भारतीय वीज नियम, १९५६ च्या नियम ४५ मध्ये दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्याचं काम परवानाधारक ठेकेदाराच्या अटीतून वगळलं होतं, जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतही ती सवलत राहिली. ही रेषा व्यवहारातही बरोबर आहे. स्विचच्या जागी स्विच लावणं वेगळं, नवी तार ओढणं, मेनपाशी काही बदलणं किंवा वर सांगितलेली जुनी जिन्याची जोडणी सुधारणं वेगळं. दुसऱ्या प्रकारच्या कामाला परवाना असलेला तारतंत्रीच (वायरमन) बोलवा.

काम झाल्यावर प्लेट लावण्याआधी चारही स्थिती तपासा. दाराचं वर, उशाचं वर. दाराचं वर, उशाचं खाली. मग दाराचं खाली ठेवून तीच दोन. चारपैकी नेमक्या दोन स्थितींत दिवा लागला पाहिजे, आणि कुठल्याही स्थितीतून एकच बटण हलवलं की तो बदलला पाहिजे. एकाच स्थितीत लागत असेल तर कॉमन अजून चुकलेलं आहे. नंतर दिवा विझवून बल्ब काढा आणि होल्डरच्या दोन्ही पिनांवर टेस्टर लावा. विझलेल्या दोन्ही स्थितींत तो ठळक पेटता कामा नये. मंद पेटला तर टेस्ट लॅम्पने खात्री करून घ्या. तारा बॉक्समध्ये घडी घालून बसवताना प्लेटचा स्क्रू कोणत्याही तारेच्या आवरणात घुसत नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात एकदा पाहून घ्या.